अर्थमंत्र्याचे काम आणि आपली गादी



दरवर्षी १ फेब्रुवारीला आमच्या अड्याळच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो. गिऱ्हाईक कापड चाचपत विचारते, "काय शेठ, यंदा काय सस्तं झालं, काय महाग झालं?" आपणही दोन-चार वस्तूंची नावे सांगतो आणि विषय तिथेच संपतो. नंतर वर्षभर अर्थमंत्र्याचे नाव निघते ते फक्त नाराजी काढण्यासाठी.

माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तिथे अर्थमंत्र्याला 'वजीर-ए-मालियात' आणि अंदाजपत्रकाला 'मीजानिया' हे शब्द शिकलो. मीजान म्हणजे तराजू. हिशोबाच्या बेरजेलाही मीजानच म्हणतात. मराठीत आपण 'अर्थसंकल्प' म्हणतो. संकल्प म्हणजे निश्चय. हे दोन शब्द शेजारी ठेवले की या मंत्र्याचे काम समजते. पुढच्या वर्षी काय करायचे याचा निश्चय आणि ते झेपेल का याचा तोल, ही दोन्ही कामे त्याच्याकडे असतात.

हे नीट समजायला मला पन्नाशी गाठावी लागली आणि त्याची किंमतही गल्ल्यातून मोजावी लागली. तो प्रसंग पुढे सांगतो. आधी अर्थमंत्री नेमके काय करतो आणि काय करू शकत नाही, ते पाहू.

किल्ली आहे, पण मालकी नाही

सरकारचे कर, शुल्क, कर्जाऊ आणलेली रक्कम हे सर्व एका मोठ्या खात्यात जमा होते. त्याला संचित निधी म्हणतात. राज्यघटनेच्या २६६ व्या कलमात त्याची तरतूद आहे. या खात्यातून एक रुपयाही अर्थमंत्री स्वतःच्या मर्जीने काढू शकत नाही. तसेच कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता येत नाही, असे २६५ वे कलम सांगते.

म्हणून दरवर्षी तीन कागद लोकसभेपुढे येतात. पहिला म्हणजे वर्षाचा जमाखर्च, जो आपण अर्थसंकल्प म्हणून ओळखतो. दुसरा खर्चाच्या मागण्यांचा, ज्या मंजूर झाल्यावर विनियोजन विधेयक होते. तिसरा करांचा, म्हणजे वित्त विधेयक. राज्यसभा अशी विधेयके जास्तीत जास्त १४ दिवस ठेवू शकते. ती अडवू शकत नाही. खर्च झाल्यावर महालेखापरीक्षक वह्या तपासतात आणि लोकलेखा समिती जाब विचारते.

आपल्या भाषेत सांगायचे तर अर्थमंत्री हा पेढीचा मुनीम आहे. किल्ली त्याच्या कमरेला असते, पण सही मालकाची लागते आणि मालक म्हणजे आपण निवडून दिलेले सभागृह.

अर्थखात्यात कॅबिनेट दर्जाचा एक मंत्री असतो आणि त्याच्या हाताखाली राज्यमंत्री असतात. महसूल, खर्च, आर्थिक व्यवहार, बँका व विमा असे विभाग सचिव सांभाळतात. पण मंत्रिमंडळात आणि सभागृहात जबाबदारी त्या वरिष्ठ मंत्र्याचीच. बाकीची खाती मागतात. हा एकटा मंत्री असा, की ज्याला बहुतेक वेळा 'नाही' म्हणावे लागते.

या 'नाही'ची ताकद किती असते ते फाळणीपूर्वी दिसले. १९४६ च्या हंगामी सरकारात अर्थखाते लियाकत अली खान यांच्याकडे गेले. मौलाना आझाद यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे, की गृहखाते आपल्याकडे राहावे म्हणून सरदार पटेलांनी अर्थखाते सोडण्यास संमती दिली, आणि नंतर त्यांच्या लक्षात आले की अर्थखात्याच्या मंजुरीवाचून एक चपराशीही नेमता येत नाही.

आपल्या मुलखाने पाहिलेला अर्थमंत्री

महाराष्ट्राने देशाला दिलेल्या अर्थमंत्र्यांत चिंतामणराव देशमुख यांचे नाव पहिले घ्यावे लागते. जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. पण त्यांची सरकारी नोकरी आपल्या बाजूला झाली. आय.सी.एस. झाल्यावर ते मध्यप्रांत व वऱ्हाडात आले. भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. त्या प्रांताचे अर्थसचिव म्हणूनही त्यांनी काम केले. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० साली देशाचे अर्थमंत्री.

त्यांच्या कारकिर्दीतील तीन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. इंपीरियल बँक सरकारकडे घेऊन १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक सुरू झाली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडायच्या, त्याही मुख्यतः लहान गावांकडे, असे तिला सांगण्यात आले. त्याआधी लहान गावातल्या दुकानदाराला सावकाराशिवाय दार नव्हते.

दुसरी गोष्ट विम्याची. जानेवारी १९५६ मध्ये एका वटहुकमाने आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतला. २४५ कंपन्या व संस्थांचा व्यवहार एकत्र झाला. निर्णयाची कुणकुण आधी लागली असती तर पैसा इकडचा तिकडे झाला असता. गुप्तता हा या खात्याचा धर्मच आहे. म्हणून कोणी दलाल "आतली खबर" सांगू लागला, तर आपण आधी शंका घ्यावी.

तिसरी गोष्ट राजीनाम्याची. मुंबईच्या प्रश्नावर, आणि तो ज्या पद्धतीने हाताळला गेला त्यावर, देशमुखांचे मतभेद झाले आणि जुलै १९५६ मध्ये ते बाहेर पडले. मंत्रिमंडळाचा निर्णय सर्वांचा असतो. त्यात राहून बाहेर वेगळे बोलता येत नाही. पटत नसेल तर खुर्ची सोडावी लागते. अर्थमंत्री कितीही विद्वान असला तरी तो एकटा सरकार नसतो, हे यावरून समजावे.

एका निर्णयाने हातोडी थांबते

अर्थमंत्र्याच्या लेखणीचा भार कारागिराच्या हातावर कसा पडतो, याचे उदाहरण सोनारकामात आहे. चीनच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले. त्या वेळी अर्थमंत्री मोरारजी देसाई होते. १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. सोन्याची हाव कमी व्हावी आणि परकीय चलन वाचावे हा हेतू होता. पण आपली गिऱ्हाइके १४ कॅरेटचे सोने सोनेच मानायला तयार नव्हती. हजारो सोनारांची हातोडी थांबली. कॅरेटची अट काही वर्षांनी सैल झाली, पण १९६८ च्या कायद्याने परवाने, नोंदवह्या आणि तपासण्या कायम राहिल्या. चोरटे सोने मात्र येतच राहिले.

हा कायदा १९९० साली रद्द झाला. तेव्हा अर्थमंत्री होते राजापूरहून निवडून आलेले प्रा. मधु दंडवते. म्हणजे एका अर्थमंत्र्याने बांधलेली गाठ सुटायला २७ वर्षे लागली. हेतू चांगला असला तरी बाजाराची रीत न पाहता केलेला नियम मोडतो, आणि मोडेपर्यंत गरीब कारागीर भरडला जातो. म्हणूनच आपला अनुभव वेळेवर वरपर्यंत पोहोचवणे हे आपलेही काम आहे.

मुंबईची तिजोरी, नागपूरच्या मागण्या

दिल्लीप्रमाणे राज्यालाही अर्थमंत्री असतो. घटनेच्या २०२ व्या कलमानुसार त्याचा अर्थसंकल्प वेगळा. तो साधारणतः मार्चमध्ये मुंबईत मांडला जातो, आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. विदर्भातूनही या खुर्चीवर माणसे बसली आहेत. शेषराव वानखेडे बसले, अलीकडे चंद्रपूरचे सुधीर मुनगंटीवार बसले.

राज्याच्या अर्थमंत्र्याचा आपल्याशी काय संबंध, असे विचारणाऱ्याने आपल्या व्यवसाय कराची पावती काढून पाहावी. जीएसटी नोंदणी असलेला दुकानदार वर्षाला २,५०० रुपये भरतो. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. जितका कर जमेल तितकीच रक्कम राज्याने आपल्याकडून घालायची, असे ठरले होते. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या त्या योजनेला यातून पक्का आधार मिळाला. कर भरताना आपण कुरकुर करतो. पण कामाची मजुरी हातात पडली की तोच मजूर बाजाराच्या दिवशी लुगडे, टॉवेल, पोरांचे कपडे घ्यायला आपल्याच ओट्यावर येतो. गेलेला पैसा कोणत्या वाटेने परत येतो, हेही पाहायला शिकले पाहिजे.

कापडाचा दर कोण ठरवतो?

आता माझा प्रसंग. कापड व्यापाऱ्याला विक्रीकराच्या वहीची सवय नव्हती. १९५७ च्या कायद्याने कापड, साखर व तंबाखू यांच्यावर विक्रीकराऐवजी अतिरिक्त उत्पादनशुल्क लागू लागले. ते गिरणीतच वसूल होई, आपल्या गादीपर्यंत येत नसे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि प्रथमच आपल्याला महिन्याचा हिशोब द्यावा लागला. सुरतच्या बाजाराने तेव्हा मोठा संप केला होता.

जीएसटीचे दर एकटा अर्थमंत्री ठरवत नाही. त्यासाठी जीएसटी परिषद आहे. केंद्रीय अर्थमंत्री तिचे अध्यक्ष, आणि प्रत्येक राज्याचा एक मंत्री सभासद. मतदान झाले तर केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश वजन लागते. म्हणजे केंद्र एकटे काही करू शकत नाही आणि केंद्रावाचून राज्येही काही करू शकत नाहीत. बहुतेक निर्णय सहमतीने होतात. पहिले मतदान झाले ते डिसेंबर २०१९ मध्ये, लॉटरीच्या दरावर.

सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौला परिषदेची बैठक झाली. कृत्रिम धाग्याच्या कापडात एक अडचण होती. तंतूवर १८ टक्के, सुतावर १२ टक्के आणि तयार कापडावर ५ टक्के. कच्च्या मालावर कर जास्त, पक्क्यावर कमी. त्यामुळे कारखानदाराचे पैसे कराच्या खात्यात अडकून पडत. उपाय म्हणून १ जानेवारी २०२२ पासून कापड व कपडे १२ टक्क्यांवर नेण्याचे ठरले. १८ नोव्हेंबरला अधिसूचनाही निघाली.

डिसेंबरात एका दलालाने मला सांगितले, "शेठ, ५ टक्क्यांत भरून ठेवा, जानेवारीत १२ लागणार, मधले ७ तुमचे." मी तीन महिन्यांचा माल उधारीवर उचलला. ३१ डिसेंबरला दिल्लीत परिषद पुन्हा बसली. अनेक राज्यांचा व व्यापारी संघटनांचा विरोध होता. कापडाची वाढ पुढे ढकलली गेली. त्याच सुमारास कोरोनाची नवी लाट आली, राज्यात लग्नाला ५० माणसांची मर्यादा लागली आणि लग्नसराईचा माल फळीवर पडून राहिला. देणेकऱ्यांना तोंड चुकवण्याची पाळी माझ्यावर आली. तीस वर्षांच्या धंद्यात ती पहिलीच वेळ होती.

खरी शरमेची गोष्ट पुढे आहे. माझ्या मुलाने कागदावर हिशोब मांडून दाखवला, की दर वाढला असता तरी मला एक पैसाही सुटला नसता. समजा १,००० रुपयांचा माल ५ टक्के कराने घेतला, म्हणजे १,०५०. तो १,२०० ला, वर १२ टक्के लावून विकला, म्हणजे १,३४४. विक्रीवरचा कर १४४, त्यातून भरलेले ५० वजा, सरकारला द्यायचे ९४. हाती राहिले २००. हाच माल जानेवारीत १२ टक्के देऊन घेतला असता तर १,१२० द्यावे लागले असते आणि सरकारला फक्त २४. हाती पुन्हा २००च. ज्याची नोंदणी नेहमीच्या पद्धतीची आहे त्याला लवकर माल भरून फायदा नाही. फायदा झाला असता तो कंपोझिशनवाल्याला, कारण त्याला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही आणि तो कर त्याच्या मालाच्या किमतीतच बसतो. दलालाने हे सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. चूक माझी होती.

याच बैठकांचा दुसरा धडा चपलांच्या दुकानदारांना मिळाला. कापडाची वाढ थांबली, पण पादत्राणांची थांबली नाही. ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. एकाच निर्णयातली अर्धी गोष्ट टळते, अर्धी होते. म्हणून ऐकीव बातमीवर न जाता अधिसूचनेचा कागद वाचावा.

कापडाची ती अडचण सुटली सप्टेंबर २०२५ मध्ये, आणि उलट्या बाजूने. परिषदेने कृत्रिम तंतू व सूत दोन्ही ५ टक्क्यांवर आणले. २,५०० रुपयांपर्यंतचे कपडे ५ टक्क्यांत आले, त्यावरील १८ टक्क्यांत गेले. शिलाई मशीनही १२ वरून ५ वर आली. हे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले. जे २०२१ मध्ये कापड महाग करून होणार होते, ते शेवटी धागा स्वस्त करून झाले. मधल्या चार वर्षांत ज्यांनी निवेदने दिली, आकडे दिले, त्यांचाही त्यात वाटा आहे.

भाषणात ऐकलेले आणि न ऐकलेले

१ फेब्रुवारी २०२३ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी भाषण केले. सर्वांनी त्यातली सात लाखांची प्राप्तिकर सवलत ऐकली. त्याच भाषणात आणखी एक वाक्य होते, जे आमच्या बाजारात कोणी ऐकले नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे वेळेवर दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत नफ्यातून वजा धरला जाणार नाही. २००६ च्या कायद्याप्रमाणे ही मुदत लेखी करार नसेल तर १५ दिवस आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस. ही तरतूद २०२३-२४ च्या हिशोबाला लागू झाली. बाजार जागा झाला तो २०२४ च्या सुरुवातीला, मार्चअखेर तोंडावर आल्यावर, आणि मग गोंधळ उडाला.

आपल्या वाचकांत या तरतुदीच्या दोन्ही बाजू आहेत. मोहाडी-आंधळगावचा विणकर किंवा भंडाऱ्याचा पितळकाम करणारा कारागीर उद्यम नोंदणी करून असेल, तर ही तरतूद त्याच्या बाजूची आहे. माल घेणाऱ्याला तो हक्काने सांगू शकतो. आपण दुकानदार मात्र या नियमात देणारे आहोत. नुसता खरेदी-विक्रीचा व्यापार करणाऱ्याला विक्रेता म्हणून हे संरक्षण नाही. कारागिराचे पैसे सहा सहा महिने अडकवून ठेवण्याची आपल्या धंद्यातली जुनी खोड यामुळे मोडली, तर ते बरेच म्हणावे लागेल.

जे त्यांच्या हातात नाही

काही गोष्टींचा राग आपण चुकीच्या दारावर काढतो. कर्जाचा मूळ दर अर्थमंत्री ठरवत नाही. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती तो ठरवते. राज्याचा व्यवसाय कर दिल्ली ठरवत नाही. ग्रामपंचायतीची घरपट्टी मुंबई ठरवत नाही. आणि केंद्राच्या करातला राज्यांचा वाटा किती, याची शिफारस घटनेच्या २८० व्या कलमाखालचा वित्त आयोग करतो. तक्रार योग्य दारावर गेली तरच तिची दखल घेतली जाते.

तेव्हा बंधूंनो, माझी विनंती थोडकी आहे. १ फेब्रुवारीला केंद्राचे आणि मार्चमध्ये राज्याचे भाषण निदान आपल्या धंद्यापुरते तरी वाचून काढा. हे कागद पूर्वी फक्त इंग्रजीत निघत, १९५५ पासून हिंदीतही छापू लागले. राज्याचे तर मराठीतच मिळतात. परिषदेच्या बैठकीनंतर निर्णय आणि अधिसूचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात ठेवा. अडचण असेल तर चार-पाच दुकानदारांनी मिळून, स्वतःच्या वहीतले आकडे घालून, संघटनेमार्फत लेखी निवेदन द्या. अर्थसंकल्पाच्या आधीच्या महिन्यांत अर्थखाते अशी मते मागवते, तीच वेळ गाठा. भाषण झाल्यावर ओट्यावर बसून केलेली चर्चा कोणाच्या कानी जात नाही.

माझा तो माल पुढे हळूहळू निघाला. देणी फेडायला मात्र पुढची दिवाळी उजाडली. आता माझ्या गादीच्या मागे कॅलेंडरवर बैठकांच्या तारखांना खूण असते, आणि दलालाने खबर आणली की मी आधी चहा मागवतो आणि मग विचारतो, "अधिसूचनेचा कागद आणला आहे का?"